सारवलेलं मैदान आणि अकरावं नाव

लग्नकार्यात चार माणसं जमली की आमच्या भावकीतला कुणीतरी गावच्या हॉकी क्लबाची गोष्ट काढतो आणि छाती फुगवून सांगतो, "आपली अकरा पोरं सांगलीच्या पोरांना भिडली होती." मी तिथंच बसलेली असते. मी म्हणते, दहा पोरं. अकरावी मी. मग सगळे हसतात. कुणीतरी लाडानं म्हणतं, "आत्या, तुमचं आपलं काहीतरीच." माझं वय असं आहे की माझं म्हणणं लोक हसून सोडून देतात. मी मात्र सोडत नाही. म्हणून आता लिहूनच काढते.

आमचं गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, पण बाजाराला आणि दवाखान्याला आम्ही सांगलीलाच जायचो. नदीकडच्या पट्टीत ऊस, वर माळाला ज्वारी, आणि दोन घरं सोडून तिसऱ्या घरातलं कुणीतरी पलटणीत. दुसरी मोठी लढाई संपली तशी माणसं परत यायला लागली. कुणी लोखंडी ट्रंक आणली, कुणी खाकी ब्लँकेट, कुणी नुसता खोकला. आमच्या शेजारचे हवालदारकाका उजव्या हाताची तीन बोटं तिकडंच ठेवून आले आणि येताना दोन हॉकी स्टिका घेऊन आले. बोटं नाहीत तर ही दांडकी कशाला, असं काकूंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मी कुठं खेळतोय? पोरं खेळतील."

आणि खरोखरच महिन्याभरात गावात क्लब उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काय, तर पंधरा-सोळा पोरं रोज दिवस कलताना माळावर जमायला लागली. दोन खऱ्या स्टिका पुढं धावणाऱ्यांना. बाकीच्यांनी बोरीच्या फांद्या तोडल्या, गुऱ्हाळाच्या चुलवाणावर शेकून टोकाला वाकवल्या. चेंडू बांबूच्या गड्ड्याचा, वरून चुना फासलेला. पायात कुणाच्याच काही नाही. हवालदारकाका पलटणीतल्या भाषेत हुकूम सोडायचे आणि पोरं अर्धं समजून, अर्धं अंदाजानं पळायची.

मी या सगळ्यात शिरले ती अक्षरामुळं. काकांना बोटांअभावी लिहिता येत नव्हतं आणि क्लब म्हटला की रोजचा हुकूम लेखी हवा, असा त्यांचा हट्ट. त्यांनी एका मोडक्या दाराची फळी काजळीनं काळी करून चावडीच्या भिंतीला टांगली. मी मराठी चौथी झालेली, लढाईच्या वर्षांत निम्म्या गावाची पत्रं वाचलेली आणि लिहिलेली. म्हणून फळा माझ्याकडं आला. काका सांगायचे, मी खडूनं लिहायची. "आज सरावाला नऊ जण. पाच जण ज्वारीच्या काढणीला." "एकाला विंचू चावला. आता बरा आहे." "चेंडू पाटलांच्या विहिरीत पडला आहे. काढेल त्याचं नाव इथं लिहिलं जाईल." हे शेवटचं लिहिल्यावर तिघांनी एकदम विहिरीत उड्या टाकल्या आणि मला तिघांची नावं लिहावी लागली.

त्या फळ्यानं गावाला वेड लावलं. गावात वर्तमानपत्र येत होतं, पण दोन दिवसांचं शिळं, आणि त्यात आपल्या ओळखीचं कुणी नसायचं. फळ्यावर असायचं. शिंपीदादा रोज संध्याकाळी दुकान बंद करून यायचे आणि वाचता न येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. कुणाचं पोरगं चांगलं खेळलं हे सगळ्या गावानं ऐकलं की त्या पोराच्या बापाची मान अशी ताठ व्हायची की पागोटं पडायचं राहिलेलं. मी सगळ्यांची नावं लिहीत होते. माझं कधी लिहायची वेळ आली नव्हती, आणि तेव्हा ते मला खटकतही नव्हतं.

खटकायला लागलं ते गोल राखायला लागल्यावर. आमच्या गोलकीपर पोराला त्याच्या विट्याकडच्या मामानं सोनं गाळायच्या दुकानात कामाला म्हणून पार दूरच्या शहरात नेलं. गोलात उभं राहायला दुसरं कुणी तयार होईना. सगळ्यांना पुढं पळायचं होतं. मी फळा लिहून झाला की रिकामीच असायची, म्हणून काका म्हणाले, "पोरी, हुबी रहा जरा, चेंडू अडव." मी उभी राहिले. नडग्यांना जुन्या वाकळीचे तुकडे सुतळीनं बांधले, परकराचा काष्टा मारला. पहिल्याच दिवशी गुडघ्यावर चेंडू बसला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. आठ-दहा दिवसांत पोरांना माझ्या अंगावरून गोल करणं जड जायला लागलं. मला मी आवडायला लागले, हे सरळच सांगते. त्याआधी असं कधी झालं नव्हतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कळलं तेव्हा गुऱ्हाळाचा हंगाम चालू होता. ते रस उकळणाऱ्या काहिलीपासून उठलेच नाहीत. म्हणाले, "गावातल्या गावात खेळती तर खेळ. पर परगावच्या माणसांम्होरं न्हाई. आटपाडीकडचं सोयरं तुला बघायला येणार हायती. त्यांच्या कानावर गेलं तर?" मी बरं म्हटलं. तेव्हा परगावचं कुणी आमच्याशी खेळायला येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण काकांच्या डोक्यात आलं. ज्वारीची मळणी उरकल्यावर एक दिवस ते सांगलीला गेले, तिथल्या एका शाळेच्या खेळाच्या सरांना भेटले, आणि त्यांच्या संघाला गावात खेळायला येण्याचं निमंत्रण देऊन आले. जाताना बायकांना एवढंच सांगून गेले होते, "गोलाच्या म्होरली जागा जरा सारखी करून ठेवा. लय खड्डं हायती."

आता आमच्या गावच्या बायकांना जागा सारखी करायला सांगितली की त्यांना एकच गोष्ट माहीत. मळणीचं खळं. पाटलांच्या घरची आत्तीबाई, जिच्या शब्दाबाहेर गावातली एकही सून नव्हती, तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "परगावचं लोक येत्याती, अर्धं कशाला? समदंच करू." घरटी एक बाई आली. पाणी मारलं, बैलं फिरवली, चोपण्यांनी चोपलं आणि सगळं मैदान, या गोलापासून त्या गोलापर्यंत, शेणानं सारवून काढलं. तीन दिवस लागले. मीही सारवत होते. कुठं पाणी ओघळतं, कुठं किंचित उतार आहे, कुठं खालचा खडक वर आलाय, हे सगळं माझ्या तळहातांना पाठ झालं.

काका चौथ्या दिवशी परत आले आणि मैदान बघून डोक्याला हात लावून खाली बसले. "आगं, ह्ये मैदान हाय का खळं? चेंडू ठरंल का हितं?" त्यांनी चेंडू टाकून नुसती टिचकी मारली. चेंडू निघाला तो थेट पलीकडच्या बांधाला जाऊन थांबला. माळाच्या मुरमात जोर लावून मारायची सवय झालेली आमची पोरं त्या मैदानावर अगदी खुळी ठरली. सामना दुसऱ्या दिवशी होता. उकरून टाका म्हणायची काकांची छाती नव्हती. समोर आत्तीबाई उभी होती.

त्याच संध्याकाळी मी फळ्यावर संघाची नावं लिहिली. काकांनी दहा सांगितली आणि थांबले. उरलेल्या पोरांत गोलात उभा राहण्यासारखा कुणी नव्हता, हे त्यांनाही माहीत होतं. मी विचारलं, "आन् अकरावं?" ते म्हणाले, "ती जागा मोकळी ठेव." मी मोकळी ठेवली. घरी आबांनी पुन्हा बजावलं. मी बरं म्हणाले नाही. नुसती भाकरी खात राहिले. आईनं ते बघितलं आणि सकाळी माझ्या परकराचा असा घट्ट काष्टा मारून दिला की पळताना सुटला नसता.

सांगलीचा संघ कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून आला. पांढरे शर्ट, निळ्या चड्ड्या, पायात कॅनव्हासचे बूट. ते मैदानाच्या कडेला आले आणि आत पाय टाकणार तेवढ्यात आत्तीबाई आडवी झाली. "पायताणं काढा."

सरांना कळेना. त्यांनी काकांकडं पाहिलं. काकांची मान खाली. आमच्याकडं खळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. धान्याची जागा असते ती, नमस्कार करून आत जायचं असतं. गावानं ते मैदान सारवलं त्या क्षणी त्याचं खळं झालं होतं, आणि आता त्यावर बूट चालणार नव्हते. आत्तीबाईच्या मागं सगळ्या सारवणाऱ्या बायका ओळीनं उभ्या राहिल्या. सर वैतागून म्हणाले, "अहो, हा खेळ आहे. बुटांशिवाय मुलांचे पाय फुटतील." आत्तीबाई म्हणाली, "आमच्या पोरांचं पाय काय लाकडाचं हायती व्हय?"

हे चाललं असतानाच सरांची नजर गोलाकडं गेली. मी तिथं जाऊन उभी राहिले होते. कुणी पाठवलं नव्हतं. वाकळीचे तुकडे बांधून, बोरीची स्टिक धरून, आपली उभी. "ही कोण?" सर म्हणाले. "मुलगी? हे मात्र चालणार नाही."

मग पाटील मध्ये पडले आणि दोन मिनिटांत तोड निघाली. सांगलीकरांनी बूट काढायचे, गावानं मुलगी काढायची. सगळ्या पुरुषांना ही तोड फार पटली. आबा गर्दीत होते, त्यांचा जीव भांड्यात पडला. हवालदारकाका माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, हो बाजूला. शिस्त असती."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. काकांनी म्हटलं, ते झोंबलं. रोज संध्याकाळी माझ्या नडग्यांवर चेंडू आदळत होते तेव्हा ही शिस्त कुठं होती? मी म्हणाले, "काका, गोलकीपरानं गोल सोडायचा न्हाई, ह्ये तुमीच शिकवलंय." आणि मी गोलाच्या मधोमध फतकल मारून बसले. उचलून न्यायचं तर न्या. चारचौघांत परगावच्या माणसांसमोर वयात आलेल्या पोरीला हात धरून ओढायची कुणाची, आबांचीसुद्धा, तयारी नव्हती. मला ते माहीत होतं. तेवढ्यावरच मी बसले होते.

आत्तीबाईनं तिथूनच आवाज दिला. "बूट काढायचं त्ये खळ्यापायी. त्यात पोरीचा काय संबंध? तिनं तीन दिस सारवलंय ह्ये. तुमी कुनी सारवलंय का?"

सांगलीची पोरं एव्हाना बूट काढून मोकळी झाली होती. त्यांना ती गुळगुळीत जमीन फार आवडली होती, दोघंचौघं चेंडू ढकलून हसत होते. त्यांचा कप्तान माझ्याकडं बघून सरांना म्हणाला, "खेळू द्या ना सर. आपल्याला गोल सोपे होतील." सर हसले आणि म्हणाले, "मग हरकत नाही." अशी मी खेळले. कुणाच्या मोठ्या मनामुळं नाही. त्यांना मी सोपी वाटले म्हणून. ते त्यांना महागात पडलं.

सुरुवातीला दोन्हीकडच्यांचा चेंडूवर ताबाच राहीना. मारला की रेषेबाहेर. मग सांगलीची पोरं शिकली आणि माझ्याकडं यायला लागली. पण मला ते मैदान हातानं माहीत होतं. मैदानाकडेच्या बाभळीच्या बाजूनं आलेला चेंडू शेवटच्या दोन हातांत डावीकडं वळणार, मधून आलेला खडकावर टप्पा खाणार. मी आधीच तिथं असायची. एक चेंडू पायानं अडवला, एक स्टिकनं, एक पोटावर घेतला आणि बराच वेळ श्वासच येईना. कप्तानाचं हसू कुठल्या कुठं गेलं. मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. नंतर आमच्या पोरांनी एक केला आणि गाव असं ओरडलं की सांगलीच्या मोटारीवर बसलेले कावळे उडाले.

आम्ही हरलो. लपवायचं काही कारण नाही. एक गोल माझी वाकळ सुटली तेव्हा झाला. मी खाली वाकून सुतळी ओढत होते आणि चेंडू दोन पायांमधून गेला. तो मला अजून टोचतो. दुसरा कुणालाच अडवता आला नसता. दोन विरुद्ध एक. जाताना सरांनी आमच्या पोरांना एकेक लिमलेटची गोळी वाटली. मला दिली नाही. मी मागितलीही नाही.

दिवस मावळायच्या आत फळ्यावर बातमी गेली पाहिजे, हा क्लबाचा नेम होता. काका सांगत गेले, मी लिहीत गेले. निकाल लिहिला. मग खेळाडूंची नावं, एकाखाली एक. दहा झाल्यावर काका म्हणाले, "आन् खाली लिही, गोलकीपर. बस. नाव नगं. तुज्या बापाला सोयऱ्यांम्होरं जायचं हाय."

"मी मैदानात हुते का न्हवते, काका?"

"हुतीस."

"मग बातमी अर्धी कशी लिहू?"

मी अकराव्या ओळीत माझं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण लिहिलं.

तोवर चावडीपुढं माणसं गोळा झाली होती. आबा आले ते हातात ओलं फडकं घेऊनच. कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं होतं. "तुजं नाव पूस," ते मला म्हणाले.

"मी न्हाई पुसणार."

त्यांनी हात उगारला नाही. ते फळ्यासमोर गेले, फडकं वर नेलं, आणि तिथंच थांबले. फळ्यावर अकरा ओळी होत्या. आबांना अक्षरओळख नव्हती. ते शाळेच्या गुरुजींकडं वळले. "गुरुजी, हिचं कंचं?"

गुरुजींनी चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाले, "चष्म्याशिवाय काही दिसत नाही हो."

आबांनी शिंपीदादांना विचारलं. रोज अख्खा फळा घडाघडा वाचणारे शिंपीदादा म्हणाले, "माजं शिक्षान तसं कमीच, पाव्हणं." काका आभाळाकडं बघत होते. आत्तीबाई म्हणाली, "समदंच पुसा की. मग इचारायला नगं." बाकीच्या दहा पोरांचे बाप तिथंच उभे होते. ते पुसणं शक्य नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

फडक्यातलं पाणी आबांच्या कोपरावरून ओघळत होतं. अख्खं गाव माझ्या बाजूनं होतं, दिवसभरात पहिल्यांदाच, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण मला आबांची लाज राखावीशी वाटली. माझं नाव वाचवायला म्हणून हे लोक माझ्या बापाच्या अडाणीपणाशी खेळत होते. असं लपूनछपून टिकलेलं नाव मला नको होतं.

मी पुढं झाले आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. "आबा, ह्ये माजं."

काकांच्या शिस्तीप्रमाणं फळ्यावर नावं नेहमी पुरी लिहायची, स्वतःचं, बापाचं आणि घराण्याचं. मी एकेक शब्दाखालून बोट फिरवलं. "पयला शबूद मी. शेवटचा आपलं घर. आन् ह्यो मधला तुमी. पुसायचं आसंल तर पुसा. पर एकटीचं पुसता यायचं न्हाई."

आबांनी जन्मभर कागदांवर अंगठा उठवला होता. त्या अंगठ्याशेजारी आपलं नाव लिहितात एवढं त्यांना माहीत होतं. ते दिसतं कसं, हे त्यांना आजवर कुणी बोट ठेवून दाखवलं नव्हतं. त्यांनी मान पुढं काढून बघितलं. आपलं नाव, सगळ्या गावादेखत, चावडीच्या भिंतीवर. "ह्ये मी?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

मग त्यांनी फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडं न बघता वळले.

"गुरुजी, चष्मा घाला आता," ते म्हणाले, "आन् समदी नावं मोठ्यानं वाचा. अकराच्या अकरा."